खालच्या खणातली भेट

वाचकाचं पत्र :

ताई, मी २६ वर्षांची आहे. भोसरीत एका छोट्या पॅकेजिंग कंपनीत परचेसला आहे. आमच्याकडे एकच ग्राफिक डिझायनर आहे, खोक्यांची आणि लेबलांची सगळी आर्टवर्कं तीच करते. मी नवीन असताना जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) म्हणजे काय, तीन पदरी आणि पाच पदरी खोक्यात फरक काय, हे तिने मला जेवणाच्या सुट्टीत कागद फाडून फाडून शिकवलं. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. वर्गणी काढून केक होतोच, पण मला माझ्याकडून वेगळं काही द्यायचंय. चारशे, फार तर पाचशे रुपये घालू शकते. ऑनलाइन बघितलं तर 'डिझायनर' लिहिलेले कप, रंगचक्राची घड्याळं, इंग्रजी सुविचारांच्या फ्रेमा. तिची नजर इतकी बारीक आहे की यातलं काही द्यायची भीती वाटते. ती डावखुरी आहे. खालच्या खणात काडेपेट्या, जुन्या लग्नपत्रिका, बिस्किटांचे कागद असलं काहीबाही साठवते. सगळ्यांच्या वाढदिवसाची ग्रुपवरची शुभेच्छापत्रंही तीच बनवते. बाकी तिला काय आवडतं ते मला खरंच माहीत नाही.
— गोंधळलेली, भोसरी

प्रिय मैत्रिणी,

तिला काय आवडतं ते माहीत नाही असं तू लिहिलंस, पण त्याच्या आधीच्या तीन वाक्यांत सगळं सांगून टाकलंस. डावखुरी आहे, खालच्या खणात कागद साठवते, सगळ्यांची शुभेच्छापत्रं करते. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या किती जणांना एकमेकांबद्दल एवढं माहीत असतं?

आधी तुझ्या भीतीबद्दल, कारण ती खरी आहे. मी अठरा वर्षं छपाईच्या कामात काढली, त्यातली बरीचशी अक्षरजुळणी आणि मांडणी करण्यात. एका वाढदिवसाला माझ्या नावाची सोनेरी अक्षरं बसवलेला लाकडी ठोकळा मला भेट मिळाला. देणाऱ्यांनी प्रेमाने दिला होता, म्हणून मी तो टेबलावर ठेवला. पण नावातली वेलांटी शिरोरेषेला टेकत नव्हती, केसभर फट होती. दोन वर्षं रोज सकाळी खुर्चीत बसलं की नजर आधी त्या फटीवर जायची. मला ती बघायची नसायची, पण डोळ्यांना तीच सवय लागलेली. डिझायनरला शोभेची वस्तू दिली की हे असं होतं. दिवसभर ज्या नजरेने ती चुका शोधते ती नजर सहा वाजता बंद होत नाही. कपावरच्या अक्षरांमधलं अंतर, घड्याळातल्या रंगांचा क्रम, फ्रेमच्या कडेची मोकळी जागा, सगळं तिला दिसणार. त्यातून तू दिलेलं म्हणजे ती ते टेबलावर ठेवणार आणि रोज बघणार.

तेव्हा कुणीतरी 'डिझाइन' करून तयार केलेली वस्तू तिला देऊ नकोस. कप, फ्रेम, घड्याळ, टीशर्ट सगळं बाद. तिच्या कामाचा कच्चा माल दे, किंवा जुना, खरा, छापलेला कागद दे. मला विचारशील तर दुसरंच. खालचा खण.

हौशीने कागद साठवणाऱ्या माणसाला त्याच्या साठ्यात भर घालणारं कुणी सहसा भेटत नाही. घरचे म्हणतात, कचरा कशाला जमवतेस. ऑफिसातले खण उघडा दिसला तर हसतात. अशा वेळी कुणीतरी त्या खणात बघितलं आणि त्यात बसेल असं काही शोधून आणलं, हे तिला पाचशे रुपयांच्या कुठल्याही वस्तूपेक्षा मोठं वाटेल.

तू भोसरीत आहेस म्हणजे पुण्याचा जुना बाजार तुला लांब नाही. मंगळवार पेठेकडचा, बुधवारी आणि रविवारी भरणारा. लोखंडाची हत्यारं, बंद पडलेली घड्याळं, पितळेची भांडी यांच्या गर्दीत नाणी आणि जुने कागद घेऊन बसणारे विक्रेते असतात. त्यांच्याकडे काडेपेट्यांचे छाप विचार. 'छाप' म्हणजे पेटीवरचं ते छोटं चित्र. वाघ, मोर, जहाज, देव, पहिलवान, काय वाट्टेल ते. तुझ्या मैत्रिणीला ते आवडण्याचं कारण कदाचित तिनेच तुला कधी सांगितलं असेल. दोन इंचांची जागा, दोन-तीन रंग, न वाचता येणाऱ्यालाही आपली पेटी ओळखता यायला हवी. पॅकेजिंगचं यापेक्षा अवघड काम फार नाही.

या छापांमागची एक गोष्ट तुझ्या कामाची आहे, कार्डावर लिहायलाही उपयोगी पडेल. १९२२ मध्ये शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार कलकत्त्याला जाऊन काडेपेट्या बनवायला शिकले आणि परत येऊन त्यांनी आपल्या दुष्काळी गावात तो धंदा सुरू केला. पेट्या आल्या की त्यावर लावायला छाप हवेत, आणि छाप छापायला छापखाने हवेत. फटाक्यांनाही लेबलं लागतात. शिवकाशीत छपाईचा एवढा मोठा धंदा उभा राहिला तो असा, पेटीच्या पाठीवर बसून. तुम्ही दोघी ज्या धंद्यात आहात त्याचंच हे जुनं घराणं. आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये काडेपेटी एक रुपयाची दोन रुपये झाली, त्यामुळे एक रुपया छापलेली पेटी आता जुन्यात जमा होते. तुझ्या आजीच्या देवघराच्या कपाटात एखादी राहिली असेल. घरी आधी शोध, बाजारात नंतर जा.

बाजारात एक सावधगिरी. जुन्या छापांच्या रंगीत प्रती काढून 'ओरिजिनल' म्हणून विकणारेही असतात. तुमच्या कंपनीत क्वालिटीच्या टेबलावर छपाई तपासायचं भिंग असेलच, ते रविवारपुरतं मागून घे. जाण्याआधी घरी एकदा सराव कर. तुमच्याच एखाद्या फरसाणाच्या खोक्यावरचा केशरी रंग त्या भिंगाखाली धर. केशरी रंग कुठेच दिसणार नाही. पिवळे ठिपके आणि मजेंटाचे, म्हणजे गडद गुलाबी ठिपके, एकमेकांच्या शेजारी, काही ठिकाणी एकमेकांवर, आपापल्या ठरलेल्या कोनात ओळीने मांडलेले. मध्येमध्ये कागदाचा पांढरा. डोळा दूर नेला की पुन्हा केशरी. चार रंगांच्या छपाईची ही सगळी किमया आहे आणि ती पहिल्यांदा बघताना माणूस खोकं खाली ठेवत नाही.

आता तेच भिंग जुन्या छापावर धर. जुने छाप बहुतेक वेळा प्रत्येक रंगाची स्वतंत्र प्लेट करून छापलेले असतात. लाल म्हणजे लालच शाई, निळा म्हणजे निळीच. भिंगाखाली सपाट रंग दिसतो, कडेला शाई किंचित दाटलेली, एखाद्या ठिकाणी लाल रंग रेघेच्या बाहेर सरकलेला. त्याऐवजी सगळीकडे ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसली तर बहुधा ती नवी प्रत आहे. विक्रेत्याशी वाद घालू नकोस, खाली ठेव आणि पुढे जा. रंग सरकलेला छाप मात्र सोडू नकोस. छपाईवाल्यांना तसा छाप फार प्रिय असतो, कारण त्यात मशीनवरच्या माणसाचा हात दिसतो.

छाप मिळाले नाहीत तरी हात हलवत येऊ नकोस. घोडा छाप शाईचं जुनं खोकं दिसलं तर उचल. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनची ती शाई, आपल्या आधीच्या दोन पिढ्यांची दप्तरं तिने निळी केली. नाटकांची जुनी हस्तपत्रकं किंवा वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं मिळाली तर ती सोन्यासारखी. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या नावांना जी अक्षरं दिली, त्यांत नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळतो. देवनागरीत काम करणारा डिझायनर तसला एक चतकोर कागदसुद्धा जपून ठेवतो.

आणि रद्दीवाल्याला विसरू नकोस. जुने दिवाळी अंक तिथे किलोवर जातात. मडगावात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांनी (१९१६–१९७१) १९४५ पासून स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. त्यांच्या मुखपृष्ठाचा अंक हाती लागला, अगदी आतली पानं सुटलेला असला, तरी तुझा शोध तिथे संपला असं समज. अशा अंकात मुखपृष्ठाइतक्याच जुन्या जाहिराती बघण्यासारख्या असतात. साबण, केसांचं तेल, अगरबत्ती, सगळी तेव्हाच्या पॅकिंगची चित्रं. पॅकेजिंगमधल्या बाईला अजून काय पाहिजे?

लग्नपत्रिका तर तुझ्याच नात्यात मिळतील. मावशीला, आत्याला फोन कर. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पत्रिकेवर मागच्या बाजूने बोट फिरवलं की अक्षरांचा दाब लागतो, कागद तिथे किंचित उठलेला असतो. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागलेली असतील तर ती पुसायच्या भानगडीत पडू नकोस.

हे सगळं देताना दोन गोष्टी पाळ. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही, स्टेपल मारायचं नाही, आणि नीट राहावं म्हणून लॅमिनेशन तर मुळीच करायचं नाही. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदालाही आपल्याबरोबर घेऊन जाते, स्टेपल पावसाळ्यात गंजतं. तिकिटं जमवणारे लोक जशी बटर पेपरची छोटी पाकिटं वापरतात तशी घे, किंवा बटर पेपर आणून स्वतः कर. पेट्या असतील तर काड्या काढून टाक. दहा-बारा छाप, एखादी पत्रिका, एखादं पत्रक, बास. ढीग करू नकोस. निवडून आणलंय हे दिसायला हवं.

आता समज, दोन रविवार गेलीस आणि मनासारखं काही मिळालं नाही. तर अप्पा बळवंत चौकात जा. भोसरी मेट्रो स्थानकातून बसलीस की मंडईला उतरायचं, तिथून चौक चालत आहे. तिथल्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात तिच्यासाठी एक कच्ची वही बघ. इथे तिचा डावखुरेपणा महत्त्वाचा. बाजारात मिळणाऱ्या स्पायरल वह्यांची तार डाव्या बाजूला असते. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचं मनगट प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या तारेवर पडतं. शाळेपासून ती हे सोसत आली असेल, इतकं की आता तिला ते जाणवतही नसेल. तू वरच्या बाजूला तार असलेली वही घे, पत्रकार वापरतात तशी. किंवा शिवलेल्या बांधणीची, जी मधल्या पानावर उघडली की टेबलावर सपाट पडते. दुकानात उघडून बघ, उठून आपोआप मिटली तर परत ठेव. कागद बिनरेघी किंवा फिकट ठिपक्यांचा, निदान १०० जीएसएमचा. झेरॉक्सचा कागद साधारण ७५-८० चा असतो, त्यावर पेन दाबलं की मागच्या पानावर उमटतं, हे तुला आता मी सांगायला नको. मुखपृष्ठावर एकही शब्द नको. प्रेरणादायी वाक्य तर नकोच नको.

वहीबरोबर पेन देणार असशील तर लगेच सुकणाऱ्या शाईचं दे. डावखुऱ्यांचा हात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून फिरतो आणि तळहाताची कड काळी होते. किंवा पेन सोड, दोन ४बी पेन्सिली आणि मळायचा खोडरबर दे. हा खोडरबर कणकेसारखा मऊ असतो, त्याला टोक काढता येतं, चपटा करता येतो, आणि विचार करताना हातात मळत बसता येतं. तीस-चाळीस रुपयांत येतो. कुणाला सांगून पटणार नाही इतकी सुखाची वस्तू आहे.

बोरू, म्हणजे टोकाला तिरकी काप दिलेली काडीची लेखणी, हा आणखी एक पर्याय. किमतीला काहीच नाही, आणि देवनागरीची ओळख तिथूनच सुरू होते. इंग्रजी सुलेखनाच्या निबेची काप आणि देवनागरीची काप एकमेकींच्या उलट असतात. म्हणून इंग्रजीसाठीचा संच आणून मराठी काढायला बसलं की अक्षराचं जाड-बारीक चुकीच्या जागी येतं. बोरूला काप आपण स्वतः घेतो, हाताला हवी तशी, आणि डावखुऱ्या माणसाला याचा फार उपयोग. पण तिला सुलेखनात रस आहे असं तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही, तेव्हा हा मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते. रंगपेट्या, टॅब्लेटच्या पेनाची टोकं, असलं काही घेऊ नकोस. टोकं मॉडेलप्रमाणे बदलतात आणि रंग ती स्वतःचे स्वतः निवडते.

आता तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य. सगळ्यांच्या वाढदिवसाची शुभेच्छापत्रं तीच बनवते.

हे वाचून मी जरा थांबले. मग तिच्या वाढदिवसाचं कोण बनवतं? माझ्या ओळखीच्या बहुतेक ऑफिसांत याचं उत्तर एकच आहे. एकतर ती स्वतःच आदल्या दिवशी बनवून ठेवते, नाहीतर त्या दिवशी ग्रुपवर केकचं रेडीमेड चित्र पडतं. वर्षभर सगळ्यांचे फोटो कापून, नावं नीट बसवून देणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे येतं. आणि कुणी वाईट बुद्धीने करत नाही, सुचतच नाही. हे तुला बदलता येण्यासारखं आहे, फुकटात.

पण ॲपमधला तयार साचा घेऊन बसू नकोस. तिच्या हद्दीत जाऊन तिच्यासारखं करायची तुला गरज नाही. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, के. बी. जोशींनी उभी केलेली, १९४० पासूनची. तिथे हाताने केलेला कागद सुटा मिळतो. चिंध्यांच्या लगद्याचा, कडा ओबडधोबड. जाण्याआधी उघडं आहे ना याची फोनवर खात्री कर. एक कागद घे, मधोमध घडी घाल, कडा कात्रीने सरळ करू नकोस. आणि आत तुझ्या हाताने लिही, तुझ्या रोजच्या अक्षरात, परचेस ऑर्डरवर सही करतेस त्याच अक्षरात. जेल पेन खडबडीत कागदावर अडखळतं आणि शाई पसरते, साधं बॉलपेन घे. आधी एका तुकड्यावर लिहून बघ.

काय लिहायचं? जेवणाच्या सुट्टीत तिने कागद फाडून दाखवला तो प्रसंग लिही. कुठला कागद होता, ती काय म्हणाली, तुला तेव्हा काय कळलं आणि नंतर कुठल्या कामात ते उपयोगी पडलं. पाच-सहा ओळी. तुझं अक्षर वाकडं असलं तरी चालेल. अक्षर सुंदर असावं अशी अपेक्षा ती मजकुराच्या पगारी कामात करते, मैत्रीत करत नाही. मला माझ्या वाढदिवसाला आमच्या बाइंडिंगच्या काकांनी एकदा हाडाची पट्टी दिली होती, कागदाची घडी दाबायची, त्यांनी स्वतः वापरून गुळगुळीत केलेली. सोबत पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तुमच्या घड्या तिरक्या येतात, ही घ्या.' ती पट्टी आजही माझ्या खणात आहे. पावतीही आहे.

केक कापताना सगळ्यांसमोर देऊ नकोस. तिथे बाकीच्यांना आपण काही आणलं नाही असं वाटतं आणि तिलाही पाकीट उघडून नीट बघता येत नाही. छाप एकेक करून बघायचे असतात, पाठीमागून, उजेडाकडे धरून. जेवणाच्या सुट्टीत दे, तुम्ही जिथे बसता तिथेच. किमतीबद्दल अवाक्षर काढू नकोस. आणि त्या दिवशी तिच्याकडे कसलंही 'पाच मिनिटांचं' काम घेऊन जाऊ नकोस, लेबलवरची तारीख बदलायची असली तरी. शक्य असेल तर बाकीच्यांनाही थोपव.

हिशेब तुझा तूच करशील, परचेसवाली आहेस. मी म्हणेन, जुन्या बाजारासाठी अडीचशे बाजूला ठेव, कागद आणि बटर पेपरला पन्नास-साठ, खोडरबर घेतलास तर त्याचे चाळीस. उरलेल्यात मेट्रोचं तिकीट आणि तुझा चहा. विक्रेता पहिला भाव सांगेल तो ऐकून लगेच हो म्हणू नकोस, ते तुला येतंच.

तिचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे दोन-तीन रविवार तरी हातात आहेत. पहिल्या रविवारी नुसती फिरून ये, काय मिळतं ते बघ, आणि बरोबर एक जाड वही ने, म्हणजे घेतलेले छाप परत येताना गर्दीत दुमडणार नाहीत.